हॉपफील्ड जाळे

हॉपफील्ड जाळे : स्मृती कशी साठते आणि एखाद्या अर्धवट खुणेवरून ती पूर्ण कशी आठवते, याचे भौतिकशास्त्राच्या भाषेतले गणिती प्रारूप. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन जोसेफ हॉपफील्ड (जन्म : १५ जुलै १९३३, शिकागो) यांनी ते १९८२ मध्ये मांडले. संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांच्यासमवेत त्यांना मिळालेल्या २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकामागे मुख्यतः हेच काम आहे.

गर्दीत ओळखीच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसला, तरी त्याचे नाव, आवाज, गाव सगळे एकदम आठवते. संगणकाला साठवलेली माहिती काढायची तर तिचा पत्ता लागतो. मेंदूला माहितीचा तुकडाच पत्ता म्हणून पुरतो. हॉपफील्ड यांच्या जाळ्यातली प्रत्येक चेतापेशी सक्रिय किंवा निष्क्रिय, एवढ्या दोनच अवस्थांत असते. चुंबकातल्या अणूची फिरकी (स्पिन) वर किंवा खाली असावी तशी. एकाच वेळी सक्रिय होणाऱ्या पेशींमधला दुवा बळकट होतो, ही डोनाल्ड हेब या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाची १९४९ मधली कल्पना. तिच्या आधारे दुव्यांचे बळ ठरते. मग एकेक पेशी आळीपाळीने इतरांकडून येणारे संकेत पाहून आपली अवस्था बदलते किंवा आहे तशी राहते.

हॉपफील्ड यांची खरी झेप पुढे आहे. दोन पेशींमधला दुवा दोन्ही दिशांनी सारख्याच बळाचा मानला, तर साऱ्या जाळ्याला मिळून एक ‘ऊर्जा’ सांगता येते आणि ती कोणत्याही बदलाने वाढत नाही, हे त्यांनी दाखवले. घाटमाथ्यावर पडलेले पाणी उतार धरून जवळच्या खोलगट जागी जाऊन थांबते, तसे जाळे अर्धवट आकृतीपासून (म्हणजे सक्रिय-निष्क्रिय पेशींच्या मांडणीपासून) निघून जवळच्या साठवलेल्या आकृतीत स्थिरावते. आठवण कुठल्याही एका पेशीत नसते. ती त्या उतारांच्या घडणीत असते.

जाळ्याला मर्यादाही आहेत. १९८५ मध्ये अमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञांनी ‘स्पिन ग्लास’ या विस्कळीत चुंबकांसाठी घडवलेले गणित इथे लावले. साठवलेल्या यादृच्छिक आकृत्यांची संख्या पेशींच्या सुमारे ०.१३८ पटीपलीकडे गेली, म्हणजे हजार पेशींमागे १३८ च्या वर, की नवीच नव्हे तर जुनी आठवणही कोसळते. शिवाय कधीही न शिकवलेल्या, अनेक आकृत्यांची सरमिसळ असलेल्या फसव्या आठवणी आपोआप उपजतात. मेंदूतले चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले दुवे, असे दुतर्फा सारखे नसतात, हा जीवशास्त्रज्ञांचा आक्षेपही रास्त आहे. तरीही स्मृती हा असंख्य साध्या घटकांचा सामूहिक गुण असू शकतो, हे प्रथमच इतक्या स्वच्छपणे हिशेबात मांडता आले. या प्रारूपाचे मोल त्यातच आहे.

हॉपफील्ड यांचे आईवडील दोघेही भौतिकशास्त्रज्ञ. कॉर्नेल विद्यापीठातून १९५८ मध्ये पीएच.डी. मिळवताना त्यांनी स्फटिकांतील प्रकाश आणि उत्तेजन यांच्या संयुगासाठी ‘पोलॅरिटॉन’ ही संकल्पना मांडली. बेल प्रयोगशाळा, बर्कली आणि प्रिन्स्टन इथे काम करताना त्यांचा ओढा हळूहळू जीवशास्त्राकडे वळला. १९७४ मधले त्यांचे ‘गतिज मुद्रितशोधन’ जाळ्याइतकेच सुंदर आहे. जनुकीय मजकुरावरून प्रथिने घडवताना पेशी इतक्या थोड्या चुका कशा करते? ऊर्जा खर्चून ती तीच तपासणी पुन्हा करते, हे त्यांचे उत्तर. एका वाचनात शंभरांत एक चूक निसटत असेल, तर दुसऱ्या वाचनानंतर दहा हजारांत एकच उरते. छापखान्यात दुसरे प्रूफ याचसाठी काढतात.

१९७० च्या दशकाअखेरीस चेताविज्ञानाच्या बैठकांना जाऊ लागल्यावर त्यांना मेंदूच्या प्रश्नाने ओढून घेतले. १९८० मध्ये ते कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत) रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. गणनेच्या भौतिकीवरचा अभ्यासक्रम त्यांनी तिथे रिचर्ड फाइनमन आणि कार्व्हर मीड यांच्या जोडीने शिकवला. १९९७ मध्ये ते प्रिन्स्टनला परतले, ते मात्र रेणवीय जीवशास्त्र विभागात. चेताविज्ञानातील टेरेन्स सेजनोव्स्की आणि माहितीशास्त्रातील डेव्हिड मॅके हे त्यांचे विद्यार्थी.

बकली पारितोषिक (१९६९), मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती (१९८३) आणि डिरॅक पदक (२००१) हे त्यांचे काही सन्मान. सांख्यिकीय भौतिकीतले सर्वोच्च मानले जाणारे बोल्ट्झमन पदक २०२२ मध्ये त्यांना दीपक धर यांच्यासह मिळाले. धर यांनी अनेक दशके मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर ते पुण्याच्या आयसरमध्ये होते. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. धर यांनी अभ्यासलेले वाळूच्या ढिगाचे प्रारूपही साध्या नियमांतून उमटणाऱ्या गुंतागुंतीचेच गणित आहे.

वयाच्या ८३ व्या वर्षी, २०१६ मध्ये, हॉपफील्ड यांनी दिमित्री क्रोटोव्ह यांच्यासह आपल्या जाळ्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात उताराचे खळगे अधिक अरुंद व तीव्र केल्याने आठवणी कितीतरी जास्त मावतात. आजच्या भाषा-प्रारूपांतली ‘अटेंशन’ ही, कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचे ते ठरवणारी क्रिया अशाच एका जाळ्याच्या नियमाशी गणिताने जुळते, हे २०२० मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी दाखवले.