घरफाळ्याची हरकत: भाड्यापासून रेडीरेकनरपर्यंत

पुण्यात मिळकतकर, मुंबईत मालमत्ता कर, खेड्यात घरपट्टी. कोल्हापुरात मात्र घरफाळाच. फाळा म्हणजे वाट्याला आलेली वर्गणी. वाटा जास्त आला असं वाटलं की घरमालक हरकत घेतो. ही हरकत नेमकी कशावर घ्यायची, हे गेल्या दीड दशकात पार बदललं. हरकतपत्रं मात्र अजूनही जुन्याच हिशेबाने लिहिली जातात.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, संस्थानी काळातली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. तेव्हापासून घरफाळा चालतो तो १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमावर; आता त्याचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यातल्या कराधान नियमांचा पाया होता भाडं. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी किती मिळतील, त्यातून दुरुस्तीचे म्हणून १० टक्के वजा, उरलं ते करयोग्य मूल्य. महिना १,००० रुपये भाडं धरलं तर वर्षाचे १२,००० आणि करयोग्य मूल्य १०,८००. मालक स्वतःच त्या घरात राहत असला तरी हिशेब हाच. ‘आमच्याच घरात आम्ही भाडेकरू काय?’ हा प्रश्न त्यातूनच आला.

त्या काळात हरकत घेणं एका अर्थी सोपं होतं. शेजारच्या घराचं भाडं दाखवायचं आणि म्हणायचं, एवढं भाडं या गल्लीत कोण देतं? शिवाय पाठीशी भाडेनियंत्रण कायदा होता. प्रमाण भाड्यापेक्षा, म्हणजे त्या कायद्याने घातलेल्या मर्यादेपेक्षा, जास्त भाडं घेणं जिथे बेकायदा, तिथे त्याहून जास्त भाडं गृहीत धरून कर कसा लावणार, असा तो युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलत राय कपूर खटल्यात, दिल्लीच्या मिळकतींबाबत, तो आणखी पुढे नेला: प्रमाण भाडं कुणी ठरवून घेतलेलं नसलं तरी मर्यादा तीच.

जुन्या मालकांना हे बरं होतं, पालिकांना नव्हतं. भर बाजारातल्या वाड्यात पिढ्यान् पिढ्यांच्या भाडेकरूचं दुकान असेल तर भाडं गोठलेलं, म्हणून फाळाही गोठलेला. उपनगरात कर्ज काढून नवा फ्लॅट घेतला की त्याचं भाडं आजच्या दराचं, म्हणून फाळाही आजचा. एका शहरात दोन न्याय. माझ्या मते भाड्याची पद्धत याच विषमतेने मोडीत निघाली. पालिकांची पैशांची निकड हे दुसरं कारण. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. कोल्हापुरात तर हद्दवाढही रखडलेली. महापालिका झाली तेव्हाचं ६६.८२ चौरस किलोमीटरचं शहर आजही तेवढंच आहे. स्वतःच्या हातात राहिलेलं मोठं उत्पन्न म्हणजे घरफाळा.

राज्याने कायदा दुरुस्त करून महापालिकांना भांडवली मूल्याचा, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर कर लावण्याचा पर्याय दिला आणि कोल्हापूरने तो २०११-१२ च्या सुमारास घेतला. आता भाडं बाजूला राहिलं. मुद्रांक शुल्कासाठी सरकार मिळकतींच्या दरांचा जो तक्ता, म्हणजे रेडीरेकनर, काढतं त्यातला दर, गुणिले क्षेत्रफळ, मग वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय यांचे भारांक. गल्लीत कोण किती भाडं देतं याला या गणितात जागा नाही. रेडीरेकनरचा दर राज्याचा, कराचा दर महासभेचा. टोलविरोधात रस्त्यावर उतरलेलं हे शहर घरफाळावाढीवरही मोर्चे काढतं. मोर्चाने दर अडवता येतो, पण तुमच्या घराच्या नोंदीतली चूक मोर्चाने दुरुस्त होत नाही. हरकतीच्या कागदावर चालतं ते एवढंच: क्षेत्रफळ, वापर, प्रकार, वय.

आणि चुका तिथेच सापडतात. पेठेतलं मातीच्या भिंतींचं जुनं घर घ्या. बाहेरून टेप लावला तर २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. भिंती दीड-दीड फुटाच्या. आतून मोजलं तर १७ बाय २७, म्हणजे ४५९. जवळजवळ पाव घर भिंतींनीच खाल्लं. नव्या इमारतीत भिंत सहा इंचांची, तिथे हा फरक एवढा बोचत नाही. म्हणून मोजणी आतून धरली की बाहेरून, हा हरकतीतला पहिला प्रश्न. माळा मजला म्हणून चढलाय का, हा दुसरा. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, कधीकाळी किराणा दुकान होतं, ते बंद करून तिथे आता आजोबांची कॉट टाकलीय, आणि नोंद अजून ‘व्यापारी’च, हा तिसरा, आणि पैशांच्या दृष्टीने सगळ्यात जड. दुकान बंद झाल्याचा पुरावा म्हणून व्यापारी जोडणी बंद केल्याचं वीजबिल शंभर विनंत्यांपेक्षा जास्त कामाचं.

मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. तरी तिथला एक निकाल इथल्यांनी वाचण्यासारखा आहे. भांडवली मूल्य ठरवताना जमिनीवर पुढे किती बांधता येईल तेही धरायचं, असे तिथले नियम होते. ते उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कर आजच्या मिळकतीवर, उद्याच्या शक्यतेवर नाही.

हरकतीची वाट मात्र भाड्याच्या जमान्यातलीच राहिली. आकारणी वाढली की नोटीस, तिच्यावर छापलेल्या मुदतीत लेखी तक्रार, मग सुनावणी. निर्णय पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील, तेही १५ दिवसांत. आधी तक्रार केलेली नसेल तर मूल्यावरचं अपील ऐकलंच जात नाही आणि वादातला कर आधी भरावा लागतो. या शेवटच्या अटीवर अहमदाबादच्या गिरण्या भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, कारण तिथेही कायदा हाच. १९७५ मध्ये न्यायालयाने अट वैध ठरवली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी पावती, मग अपील.