तालमीतला जोर आणि आईच्या पायातली वाळूची पिशवी

गेल्या पावसाळ्यात आईचा गुडघा धरला. सांगलीतल्या फिजिओनं तिला घोट्याला बांधायला एक किलोची वाळूची पिशवी दिली आणि सांगितलं, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा वेळा, मग थांबायचं, परत दहा. आई म्हणाली, "अरे ही तालमीतल्या पोरांची कामं, ह्या वयात मला कशाला?" तिचंही चुकलं नाही, कारण दहाबारा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनीच तिला सांगितलेलं की आता जड काही उचलायचं नाही, आणि तिनं ते इतकं मनावर घेतलं की भरलेली कळशी पण तिनं परत कधी कमरेवर घेतली नाही. मग हे उलटं कधी आणि कसं झालं, ते शोधत बसलो तर लक्षात आलं की ह्या गोष्टीचा बराच भाग आपल्याच सातारा-सांगलीच्या पट्ट्यात घडलाय.

सुरुवात तालमीपासून करायला पाहिजे. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं, आणि पहाटे पोरं फावडं घेऊन ती माती खणून वरखाली करतात. बाहेरच्या माणसाला वाटतं नुसती जागा तयार करतायत, पण तेवढ्यात कंबर, खांदे, पकड सगळ्यांना काम लागलेलं असतं. मग जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं, मुद्गल म्हणजे जड लाकडी गदेसारखं सामान फिरवणं. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही, पन्नासावर थांबवतो आणि मग हळूहळू आकडा वाढवत नेतो. आता जिममधली पोरं ज्याला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात त्याचं बीज इथंच आहे असं मला वाटतं.

पण एक फरक आहे. बैठकांचा आकडा वाढतो, वजन मात्र आपल्या अंगाचं तेवढंच राहतं, म्हणजे एका टप्प्यानंतर ताकदीपेक्षा दम वाढत जातो. तालमीत खरं वजन येतं ते लढतीत, ऐंशी किलोचा जोडीदार मानेवर रेटा देतो तेव्हा. ते वजन जिवंत असतं, हलतं, आणि रोज वेगळ्या बाजूनं येतं.

समर्थ रामदासांचं नाव इथं येणारच. चाफळ, सज्जनगड, अकरा मारुती, आणि समर्थ रोज बाराशे नमस्कार घालायचे असं परंपरा सांगते. तालमीत मारुतीला शेंदूर का असतो हे आपल्याकडं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता औंध. खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. बरेच जण तिथलं चित्रांचं म्युझियम बघून परत येतात पण औंधच्या राजानं व्यायामाच्या इतिहासात काय केलं ते फार कमी जणांना माहिती आहे आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. भवानराव पंतप्रतिनिधी तरुण होते तेव्हा युरोपात युजेन सँडो नावाच्या जर्मन पहिलवानाची हवा होती, आजच्या बॉडीबिल्डिंगचा बाप म्हणतात तोच. सँडोची पुस्तकं आणि व्यायामाचं सामान पार हिंदुस्थानापर्यंत यायचं. भवानरावांनी १८९७ च्या सुमारास ते मागवलं आणि जवळजवळ दहा वर्षं नेमानं सँडोच्या पद्धतीनं व्यायाम केला. म्हणजे साताऱ्याच्या मातीतला माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डंबेल मारत होता. मग १९०८ मध्ये मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडं वळले आणि पुढच्याच वर्षी गादीवर आल्यावर त्यांनी त्याची चळवळच केली. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू झाले, पोरांना आणि पोरींनाही. बायकांनी नमस्कार घालावेत हे ते आवर्जून सांगायचे, आणि त्या काळात राजानं असं उघड बोलणं मोठी गोष्ट होती. १९२८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, १९३८ मध्ये लंडनहून दुसरं. आज जगभरच्या योगा क्लासमध्ये जो सूर्यनमस्कार घालतात त्याच्या प्रसारात औंधचा वाटा फार मोठा आहे.

मला ह्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी बाहेरचं दहा वर्षं करून बघितलं आणि मग बदललं. देशी का विदेशी ह्या भांडणात ते अडकले नाहीत, आज आपण अडकतो.

खाशाबा जाधवांचं पण असंच. कराडजवळचं गोळेश्वर, सगळी कुस्ती मातीतली, आणि १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटवर उभं राहायला लागलं तरी सहावे आले. तिथून परत येऊन चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला उतरल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती.

एवढं सगळं असून आपल्याकडं एक गोष्ट राहिली ती म्हणजे मोजमाप. ते अमेरिकेत झालं आणि गंमत म्हणजे पहिलवानांवर नाही तर जखमी सैनिकांवर झालं. थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी दवाखान्यात होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सैनिकांना हलका हलका व्यायाम द्यायचे आणि पाय महिनोन्महिने काडीसारखाच राहायचा. डीलॉर्म स्वतः लहानपणी ऱ्हुमॅटिक तापातून (सांधे आणि हृदयाला धरणारा ताप) उठल्यावर वजनं उचलून सुधारलेला, त्यानं उलटं केलं. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल एवढं वजन शोधायचं, त्याच्यावर काम करायचं, आणि ताकद आली की वजन वाढवायचं. १९४५ मध्ये त्यानं हे छापलं. पुढं १९४८ मध्ये तीन सेट, म्हणजे सलग दहा-दहा वेळांच्या तीन फेऱ्या ठरवल्या, पहिला सेट त्या वजनाच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज सांगलीतल्या कुठल्याही जिममध्ये भिंतीवर तीन सेट दहा रिप्स लिहिलेलं दिसतं ना, ते इथून आलंय. आईची "दहा वेळा, थांबायचं, परत दहा" पण तिथलीच.

व्यायाम आणि हृदय ह्यावरचं काम लंडनला झालं. जेरेमी मॉरिसनं १९५३ मध्ये दाखवलं की डबलडेकर बसच्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. त्यानंतर जगाचं सगळं लक्ष चालण्या-पळण्याकडं गेलं आणि ताकदीचा व्यायाम पहिलवानांचा म्हणून बाजूला पडला. आईला "जड उचलू नका" सांगणारे डॉक्टर त्याच काळातल्या शिकवणीतले असणार असं मला वाटतं.

ते फिरलं १९९० मध्ये. बॉस्टनला मारिया फियातारोन ह्या डॉक्टरनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना घेतलं, सरासरी वय नव्वद, आणि आठ आठवडे पायाला जड वजन देऊन व्यायाम करून घेतला. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! आपल्याकडं साठीतच बायकांना "आता बसून खा" म्हणतात.

आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडची बाळं ताडून बघितली, आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं जास्त. जेवणातली साखर खपवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू, ती जागाच लहान असली तर डायबेटिस लवकर येतो ह्यात नवल नाही. २०२० पासून जागतिक आरोग्य संघटना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायू बळकट करायचा व्यायाम, पासष्टीच्या पुढच्यांना सुद्धा.

आई आता दोन किलोवर आलीय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी ती पायाचे आकडे लिहिते, डावा दहा, उजवा आठ. परवा उजव्याचे पण दहा लिहिलेले दिसले आणि खाली रेघ ओढलेली. पुढच्या गुरुवारी वाळू वाढवायची आहे, कृष्णाकाठची आणून चाळून वाळत घातलीय गच्चीवर.