प्रिंटएफ : आर्ग्युमेंट किती आली, हे फंक्शनला कोण सांगतं?

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्याला स्वतःचं छोटं प्रिंटएफ (मजकूर आणि आकडे छापणारं फंक्शन) लिहायला सांगतात तेव्हा यादी साधारण ठरलेली असते : %सी (अक्षर), %एस (मजकूर), %डी (पूर्णांक), %यू (ऋण चिन्ह नसलेला, म्हणजे अनसाइन्ड पूर्णांक), %एक्स (हेक्स, म्हणजे १६ पायातली संख्या), %पी (मेमरीतला पत्ता) आणि %% (खुद्द टक्क्याचं चिन्ह). यातलं आकडे छापणं सोपं. अवघड गोष्ट अशी, की किती आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेल्या किमती) आली आणि कोणत्या टाइपची, हे कळायला फंक्शनकडे फॉरमॅट स्ट्रिंगशिवाय, म्हणजे ही %-चिन्हं असलेल्या मजकुराशिवाय, काहीच नसतं. ही व्यवस्था सीच्याही आधीची आहे.

१९५७च्या फोरट्रानमध्ये फॉरमॅट हे भाषेतलंच विधान होतं, कंपायलरच्या नजरेखालचं. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत ते काम राइटएफ या लायब्ररीतल्या फंक्शनकडे गेलं आणि %एन (संख्या), %एस (मजकूर) अशी चिन्हं मजकुरातच पेरली गेली. बीसीपीएलला टाइप नव्हते. प्रत्येक किंमत एक वर्ड, म्हणजे मेमरीतलं ठरावीक आकाराचं एक घर. म्हणून पुढचं आर्ग्युमेंट म्हणजे शेजारचा वर्ड, इतका साधा हिशेब.

केन थॉम्प्सन यांनी सीच्या आधीच्या बी भाषेत हीच युक्ती ठेवली. जानेवारी १९७२च्या त्यांच्या संदर्भपुस्तिकेत प्रिंटएफचा अख्खा कोड आहे : फॉरमॅटनंतर एक्स१ ते एक्स९ अशी नऊ नावं, पहिल्याचा पत्ता घ्यायचा आणि दर %ला एक घर पुढे सरकायचं. त्याच पुस्तिकेतलं संख्या छापणारं प्रिंटएन आधी भागाकार स्वतःलाच पाठवतं, मग बाकीत शून्याचा अक्षर-कोड मिळवून छापतं. त्यामुळे पाया २ ते १० इतकाच चालतो. हेक्ससाठी सोळा चिन्हांची स्ट्रिंग लागते. आजही विद्यार्थी जवळपास हेच फंक्शन लिहितात.

पीडीपी-११ या संगणकावरच्या सीमध्ये आर्ग्युमेंट स्टॅकवर (मेमरीत लागोपाठ) उजवीकडून डावीकडे ढकलली जात, म्हणून पत्ता धरून चालणं निभावलं. पुढे यंत्रं आर्ग्युमेंट रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या जागांतून, पाठवू लागली. ६४-बिट लिनक्सवर, एक्स८६ प्रोसेसरला, पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट रजिस्टरमध्ये असतात आणि दशांशांची रजिस्टरं वेगळी. फॉरमॅटचा पत्ता घेऊन पुढे सरकाल तर हाती कचरा येईल. १९८९च्या सीच्या अ‍ॅन्सी मानकातल्या तीन टिंबांचं (‘पुढे कितीही आर्ग्युमेंट’ अशी खूण) आणि ती उचलायची साधनं देणाऱ्या स्टडआर्ग हेडरचं कारण हेच. कर्निगन-रिची यांच्या सीवरच्या पुस्तकाच्या १९८८च्या आवृत्तीत मिनप्रिंटएफ आहे ते फक्त %डी, %एफ, %एस ओळखतं, आणि संख्या छापायला खऱ्या प्रिंटएफलाच बोलावतं. तो धडा आर्ग्युमेंट उचलण्याचा आहे, छपाईचा नाही.

चुका ठरावीक जागी होतात. तीन टिंबांतून जाताना कॅर आणि शॉर्ट या छोट्या टाइपांचा इंट होतो, फ्लोटचा डबल. म्हणून %सीसाठीही व्हीए_आर्गला (स्टडआर्गमधलं पुढचं आर्ग्युमेंट उचलणारं साधन) इंटच मागायचा. −२१४७४८३६४८चं चिन्ह ३२ बिटांत उलटत नाही. उलटवायला गेलं की बाकी ऋणच राहते आणि शेवटच्या ८ऐवजी बहुधा उघडता कंस छापला जातो. आधी अनसाइन्डमध्ये न्या, मग वजा करा. %एसला नल (कशाकडेच न नेणारा पत्ता) आला तर मानक हात वर करतं; ग्लिबसी ही लिनक्सवरची लायब्ररी कंसात ‘नल’ असं इंग्रजीत छापते. छापलेल्या अक्षरांची संख्या परत करायची, आणि लिहिणं फसलं तर ऋण किंमत, हे बरेच जण विसरतात. %एफ गाळतात ते योग्यच : दशांश अचूक छापण्याच्या पद्धतीवर स्टील आणि व्हाइट यांचा शोधनिबंध १९९०चा, आणि त्या प्रश्नावर २०१८पर्यंत नवे अल्गोरिदम येत होते.

सीमधला %एनही गाळावा. तो छापत नाही, मेमरीत लिहितो. वापरकर्त्याचा मजकूर थेट फॉरमॅट म्हणून दिला की काय होतं, ते २०००मध्ये डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल-सर्व्हरवरच्या हल्ल्यांनी दाखवलं.

रुंदी (%१०एस म्हणजे किमान दहा जागा, %.४एस म्हणजे जास्तीत जास्त चार) पुढे जोडणार असाल तर देवनागरीत तपासा. प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं. ‘मराठी’ पडद्यावर तीन अक्षरं, यूटीएफ-८मध्ये १५ बाइट. %१०एसला एकही मोकळी जागा मिळत नाही, आणि %.४एस ‘म’नंतर ‘र’चा पहिलाच बाइट छापून थांबतं.