क्यूबेकची बर्सरी आणि १० कोटी ३० लाख डॉलरची भानगड

कॅनडात १९६४ ला केंद्राचं स्टुडंट लोन सुरू झालं तेव्हाच क्यूबेक या फ्रेंचभाषी प्रांताने सांगून टाकलं, आमचं आम्ही बघतो, आमच्या वाटणीचे पैसे तेवढे द्या. त्यांचा स्वतःचा कायदा १९६६ चा.

खरा घोळ 'बर्सरी' या शब्दाचा. आपण शिष्यवृत्ती म्हणून मोकळे होतो, आपल्याकडे चौथीच्या स्कॉलरशिपपासून सगळं त्यातच बसतं. तिथली बर्सरी मार्कांवर नाही, गरजेवर मिळते आणि परत करायची नसते, पण ती एकटी येत नाही. सरकार तुमचा वर्षाचा खर्च धरतं, त्यातून तुमची कमाई आणि आईवडिलांचा वाटा वजा करतं, जी तूट उरेल ती आधी कर्जाने भरायची आणि कर्जाची मर्यादा संपली की त्याच्या वरचं बर्सरी. म्हणजे नुसती कर्जाची मर्यादा वाढवली की झालं, पोराच्या हातात पैसे तेवढेच पण फेडायचा आकडा फुगतो.

२००४ ला क्यूबेकच्या तेव्हाच्या सरकारने नेमकं हेच केलं, वर्षाला १० कोटी ३० लाख डॉलर बर्सरीतून उचलून कर्जात टाकले. कागदावर 'मदत' तेवढीच दिसते, हुशारीच म्हणायची! २००५ च्या फेब्रुवारीत कॉलेजची पोरं संपावर गेली, मार्चमध्ये दोन लाखांच्या वर पोरं बाहेर, शर्टाला सेफ्टी पिनने टोचलेला लाल फेल्टचा चौकोन. फ्रेंचमध्ये 'पार कर्जात बुडालोय' म्हणताना 'पार'साठी जो शब्द येतो (carrément) त्यात 'चौकोन' (carré) लपलेला आहे आणि लाल म्हणजे खात्यात खडखडाट, त्यावरून तो.

एप्रिलमध्ये तडजोड झाली, २००५-०६ साठी ७ कोटी आणि पुढची चार वर्षं पूर्ण रक्कम, त्यातही काही पैसा केंद्राच्या निधीतून. २००४-०५ चे गेले ते गेलेच. सगळ्यात कडव्या विद्यार्थी संघटनेला तर चर्चेलाच बसवलं नव्हतं, त्यामुळे विजय की सेटलमेंट यावर मतं वेगळी, मला सेटलमेंट वाटते.

२०१२ चा मोठा संप फीवाढीचा होता, पण चौकोन तोच.

एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या कर्जावरचं व्याज कायमचं बंद झालं. टोरांटोहून माँट्रियलला गेलेल्या आपल्या लोकांनी ते क्यूबेकमध्ये गृहीत धरू नये, क्यूबेक त्या योजनेत नाही, तिथे शिकत असेपर्यंत व्याज सरकार भरतं, नंतर तुमचं तुम्ही. आणि स्टडी परमिटवर आलेल्यांसाठी यातलं काहीच नाही, नागरिकत्व, पीआर (कायम रहिवासी दर्जा) किंवा निर्वासित म्हणून मान्यता लागते.