शार्क्सची पोरं हरतात, पण राग जुना आहे

सॅन होजे शार्क्स २०२३-२४ ला आणि लगेच २०२४-२५ ला, असं सलग दोनदा एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या, ३२ टीममध्ये अगदी तळाला राहिली. आता तिकडे राहणारी आपली मंडळी ह्यावरून एवढी का पेटलीयेत, टीम हरते तर हरते, हे ग्वाल्हेरात बसून कळत नाही असं घरच्या ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून जरा मागचं सगळं लिहून काढतोय. भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ सनीवेलला असतो, त्याच्या नादाने मीही बघायला लागलो. तिकडे संध्याकाळी सातची मॅच म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सकाळचे साडेआठ, इकडे चहा उकळतोय आणि तिकडून मेसेज, "मामा, परत घालवली." पुढे तीन-चार शब्द असतात ते ताईने वाचू नयेत असे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. बर्फावर स्केट्स घालून एका वेळी सहा जण, त्यातला एक गोली, बॉलऐवजी रबराची चपटी पक, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. गेली बरीच वर्षं सीझनला ८२ मॅचेस, १६ टीम प्लेऑफला, तिथे सात मॅचेसची सीरिज, चार जिंकला तो पुढे. शेवटी आलात म्हणून कोणी खालच्या लीगमध्ये ढकलत नाही, उलट पुढच्या ड्राफ्टला, म्हणजे नवीन पोरं उचलायच्या वेळी, तुमचा नंबर वर लागायचा चान्स वाढतो. हे लक्षात ठेवा, निम्म्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

बाकी हॉकीचं वेड काय असतं हे ग्वाल्हेरला कोणी शिकवायला नको. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंग इथलेच होऊन राहिले, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला अमेरिकेला २४-१ ने धुतलं त्यातले दहा गोल त्यांचे, तेव्हा कॅलिफोर्नियाशी आपलं खातं जुनंच आहे म्हणा. त्यांच्या नावाच्या स्टेडियममध्ये पुढे क्रिकेट घुसलं आणि सचिनने २४ फेब्रुवारी २०१० ला तिथेच वनडेतले २०० काढले, तेही दुखणं आहेच, पण ते पुन्हा कधीतरी.

तर सॅन होजे. त्या भागात आइस हॉकी आधी एकदा येऊन फसलेली होती. १९६७ ला ओकलंडमध्ये सील्स नावाची टीम आली, कधी धड चालली नाही, मध्ये एका मालकाने हौसेने खेळाडूंना पांढरे स्केट्स घालायला लावले आणि ते काळे पडायचे म्हणून पुन्हा पुन्हा रंगवत बसावं लागायचं, असला कारभार. १९७६ ला टीम क्लीव्हलंडला गेली आणि दोन वर्षांनी मिनेसोटाच्या टीममध्ये विलीन झाली. तिचे मालक गुंड बंधू (आडनाव आहे त्यांचं, हसू नका) ह्यांना मात्र टीम परत बे एरियात, म्हणजे सॅन होजे-ओकलंडच्या पट्ट्यात, आणायची होती, लीगने सांगितलं मिनेसोटा हलवायची नाही, तुम्हाला नवीन टीम देतो, आणि अशी १९९१ ला शार्क्स सुरू झाली. पहिली दोन वर्षं सॅन होजेत जागाच नव्हती, डेली सिटीतल्या काऊ पॅलेस नावाच्या जुन्या हॉलमध्ये खेळायचे.

दुसरं वर्ष, १९९२-९३, तर विचारूच नका. ११ विजय, ७१ पराभव, २ बरोबरी. एका सीझनमध्ये ७१ हार हा लीगचा रेकॉर्ड आहे. पण तेव्हाचे लोक आठवणी सांगतात त्या सगळ्या हसत सांगतात, कारण टीम नवी, खेळ नवा, हिरवट निळ्या रंगाची जर्सी दिसायला झकास, आणि कोणी कसलं वचनच दिलेलं नव्हतं. मग १९९३ ला स्वतःचं अरेना मिळालं, खेळाडू एका भल्यामोठ्या शार्कच्या जबड्यातून धुराबिरातून बर्फावर येतात तो थाट सुरू झाला, आणि त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये आठव्या नंबरच्या शार्क्सने पहिल्या नंबरच्या डेट्रॉइटला सातव्या मॅचमध्ये घरी पाठवलं. झालं, गाव वेडं झालं.

इथून पुढचं नीट बघा, कारण आजचा राग ७१ पराभवांतून आलेलाच नाही, तो चांगल्या वर्षांतून आलाय. १९९८ ते २०१९ मध्ये ही टीम फक्त दोनदा प्लेऑफला चुकली, २००३ आणि २०१५. नोव्हेंबर २००५ ला बॉस्टनकडून जो थॉर्नटन आला, पॅट्रिक मार्लो होताच, मग जो पावेल्स्की, लोगन कुटूर, ब्रेंट बर्न्स, म्हणजे दर वर्षी वाटायचं की ह्या वेळी स्टॅनले कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, आपलाच. आणि दर वर्षी माशी शिंकायची. २००८-०९ ला पूर्ण सीझनमध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स आणि पहिल्याच राउंडला अॅनाहाइमकडून बाहेर. २०१० आणि २०११ ला सेमीफायनलमध्ये गारद. २०१४ ला लॉस एंजेलिसविरुद्ध ३-० पुढे, एक जिंकायची बाकी, आणि पुढच्या चारही हरले, वर त्याच लॉस एंजेलिसने पुढे कप उचलला. २०१६ ला एकदाचे फायनलला पोचले तर पिट्सबर्गकडून ४-२. कप आजतागायत नाही.

आता २०१८. जनरल मॅनेजर डग विल्सनने सप्टेंबरमध्ये ओटावाकडून एरिक कार्लसन आणला, तेव्हाचा जगातल्या सर्वोत्तम डिफेन्समनपैकी एक, आणि त्या बदल्यात इतर गोष्टींबरोबर पुढचा पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधला उचलायचा नंबर, तोही दिला. वर्ष मजेत गेलं. २३ एप्रिल २०१९ ची वेगसविरुद्धची सातवी मॅच तर शोधून बघाच, शार्क्स ०-३ मागे, शेवटचा भाग चाललेला, कॅप्टन पावेल्स्की डोक्यावर आपटून रक्तबंबाळ झाला, वेगसच्या खेळाडूला पाच मिनिटांची पेनल्टी, म्हणजे तेवढा वेळ त्यांचा एक जण कमी, आणि त्या पाच मिनिटांत शार्क्सने चार गोल मारले, मग वेगसने बरोबरी केली आणि ओव्हरटाइमला शार्क्सने जिंकली. पेनल्टी चुकीची होती असं म्हणून लीगने नंतर वेगसची माफीही मागितली. पण पुढे सेमीफायनलला सेंट लुईसने हरवलं, आणि तो सीझन म्हणजे दिवा विझायच्या आधी मोठा होतो तसलं काहीतरी होतं.

कारण त्या उन्हाळ्यात हिशोब मांडला गेला. एनएचएलमध्ये टीमच्या एकूण पगाराला वरची मर्यादा आहे, २०१९-२० ला ती ८ कोटी १५ लाख डॉलर होती. कार्लसनला आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्षाला १ कोटी १५ लाख. बर्न्स ८० लाख, कुटूर ८० लाख, व्लासिक ७० लाख, एव्हँडर केन ७० लाख. बेरीज करा, पाच जणांत ४ कोटी १५ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा, आणि उरलेल्यात अख्खी टीम भागवायची. बरं, हे पाचही जण तिशीच्या आसपासचे किंवा पुढचे, आणि कॉन्ट्रॅक्टं आणखी कित्येक वर्षांची. सगळ्यांना एवढं दिल्यावर ज्याच्या जिवावर टीम उभी होती त्या पावेल्स्कीला द्यायला हातात फार काही उरलं नाही, तो डॅलसला गेला. भाचा म्हणतो आपली टीम त्या दिवशीच संपली, मला ते जरा जास्त भावनिक वाटतं पण अगदी खोटंही नाही.

मग कोविड आला, पगाराची मर्यादा आहे तिथेच अडकून बसली आणि फुगलेली कॉन्ट्रॅक्टं मोकळी व्हायची आशा संपली. २०१९-२० ला टीम शेवटून तिसरी. एरवी अशा वर्षानंतर निदान ड्राफ्टला चांगला पोरगा मिळतो, पण तो पिक कार्लसनच्या बदल्यात ओटावाला देऊन झालेला, आणि ओटावाने त्यावर तिसऱ्या नंबरला टिम श्टुट्झले उचलला. शार्क्सचे लोक आजही हे नाव काढलं की गप्प होतात, म्हणजे शिव्या देऊन झाल्यावर गप्प होतात.

२०२२ च्या जुलैत नवीन जनरल मॅनेजर आले, माइक ग्रीअर, पूर्वी स्वतः शार्क्सकडून खेळलेले. त्यांनी मोडतोडीला हात घातला. बर्न्स गेला कॅरोलायनाला, टिमो मायर न्यू जर्सीला, ऑगस्ट २०२३ ला कार्लसन पिट्सबर्गला, तेही १०१ पॉइंट्सचा (गोल आणि असिस्ट मिळून) सीझन करून सर्वोत्तम डिफेन्समनचा किताब घेतल्यावर. त्या वर्षी टीमने ८२ पैकी २२ जिंकल्या होत्या, म्हणजे कार्लसन असून ही गत, तर ठेवून करायचं काय, हा ग्रीअरचा मुद्दा मला तरी पटतो. पण गंमत अशी की एवढे मोठे पगार कोणी पूर्ण घ्यायला तयार नसतं, म्हणून विकणाऱ्या टीमला काही हिस्सा स्वतःच भरत राहावा लागतो. बर्न्सचा भरला, कार्लसनचा भरतायत, पुढे हर्टलचाही.

२०२३-२४ ची सुरुवात बघा. पहिल्या ११ मॅचेसमध्ये एकही विजय नाही. २ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर व्हँकूव्हरने १०-१ ने मारलं. दोनच दिवसांनी पिट्सबर्ग आली, आपला कार्लसन पाहुण्यांच्या जर्सीत, आणि १०-२. लोकांनी तिकिटाचे पैसे मोजून हे बघितलंय, लागोपाठ दोन मॅचेसमध्ये वीस गोल खाताना, सांगा आता कोण शांत राहील.

तरी खरा भडका उडाला तो मार्च २०२४ ला, टोमाश हर्टल वेगसला विकला तेव्हा. हा शार्क्सनेच २०१२ ला ड्राफ्ट केलेला, इथेच वाढलेला, लोकांचा लाडका, दोनच वर्षांपूर्वी आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सही केलेलं, आणि दिला कोणाला तर ज्यांच्याशी सगळ्यात जास्त वैर त्या वेगसला, वर पगाराचा १७ टक्के हिस्सा आपल्याच खिशातून. बदल्यात एक तरुण पोरगा आणि पहिल्या राउंडचा पिक मिळाला, तो पोरगा त्याच ऑगस्टमध्ये गोली यारोस्लाव आस्कारोव्हसाठी नॅशव्हिलला गेला. कागदावर सौदा वाईट नाही. पण पाठीवर हर्टलचं नाव असलेली जर्सी घेऊन दिलेल्या पोराला घरी काय सांगायचं, हा प्रश्न कागदावर येत नाही.

त्या सीझनला १९ विजय, ५४ पराभव, वर ९ ओव्हरटाइमच्या हारी. शेवटच्या नंबरला पहिला पिक मिळायची शक्यता फक्त २५.५ टक्के असते, बाकी सगळं लॉटरी, तेव्हा मुद्दाम हरलं की हमखास हिरा मिळतो हेही खरं नाही. आदल्या वर्षी कॉनर बेडार्डसाठी अख्खी लीग टपून होती, तो शिकागोला मिळाला आणि शार्क्सला चौथ्या नंबरवर विल स्मिथ. २०२४ ला मात्र नशीब फळलं, मॅकलिन सेलेब्रिनी. जन्म २००६ चा. वडील तिकडच्याच बास्केटबॉल टीमबरोबर, गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये काम करतात, त्यामुळे पोरगा शार्क्सच्याच ज्युनियर टीममधून खेळलेला, आणि पहिल्या वर्षी राहायला कुठे तर थॉर्नटनच्या घरी. एवढं जुळून आल्यावर लोकांनी पुन्हा आशा लावली तर त्यांचं काय चुकलं.

१० ऑक्टोबर २०२४, सेलेब्रिनीची पहिली मॅच, सेंट लुईसविरुद्ध. एक गोल, एक असिस्ट, शार्क्स ४-१ पुढे, अरेना डोक्यावर घेतलेलं. हरले, ५-४, ओव्हरटाइमला. वर पोराचं कंबरेजवळचं दुखणं निघालं आणि पुढच्या कितीतरी मॅचेस तो बाहेर. पहिल्या नऊमध्ये पुन्हा विजय शून्य. पुढे तो परत आला आणि ७० मॅचेसमध्ये ६३ पॉइंट्स केले, अठरा वर्षांच्या पोराने, पण टीमचे विजय फक्त २०. दरम्यान डिसेंबरमध्ये बरा खेळणारा गोली ब्लॅकवुड कोलोरॅडोला विकला, फेब्रुवारीत ग्रॅनलंड आणि सीसी डॅलसला, मार्चमध्ये वॉलमन एडमंटनला. वॉलमनची गोष्ट तर मजेदार आहे, आदल्या जूनमध्ये डेट्रॉइटने तो शार्क्सला दिला तेव्हा वर एक पिकही दिला होता, म्हणजे घ्या बाबा एकदाचा, आणि वर्षाच्या आत ग्रीअरने त्याचा पहिल्या राउंडचा पिक करून घेतला. व्यापारी माणूस आहे, ह्यात शंका नाही.

पण चिडलेल्या लोकांचं म्हणणं नेमकं इथेच आहे. पोरं हरतात ह्याचा राग नाही, बाहेरच्यांना तसं वाटतं पण नाही, उलट सेलेब्रिनीवर जीव आहे सगळ्यांचा. राग ह्याचा की कोणी जरा बरं खेळायला लागला, लोकांना नाव पाठ झालं, की मार्चपर्यंत तो दुसऱ्या गावी. पोरांना सांभाळून घेणारा कोणी मोठा माणूस बर्फावर टिकतच नाही, मग शेवटच्या दहा मिनिटांत आघाडी राखायची कशी हे त्यांना शिकवणार कोण. कुटूर होता, कॅप्टनच, पण तो दुखापतीतून उठलाच नाही आणि एप्रिल २०२५ ला त्याने करिअर संपल्याचं जाहीर केलं. इथे ग्वाल्हेरात कंपू भागातल्या टर्फवर मुलींची हॉकी अकॅडमी खेळते तिथे कठड्याला टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, सगळी टीम नवी ठेवून कोणी जिंकतं का म्हणून, उत्तर लगेच मिळेल.

२०२५ ला ड्राफ्टची लॉटरी लागली न्यूयॉर्कच्या आयलंडर्स टीमला, सलग दुसऱ्यांदा शेवटी येऊन शार्क्सला दुसरा नंबर, त्यावर मायकल मिसा घेतला. जूनमध्ये व्लासिकला उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन मोकळं केलं, म्हणजे २०१९ च्या त्या पाचांपैकी आता एकही टीममध्ये नाही. कार्लसनचे वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर मात्र २०२७ पर्यंत सॅन होजेच्याच हिशोबात लागत राहणार आहेत.