वजा होणारी आयात

स्थूल देशांतर्गत उत्पादनाचे तिमाही आकडे आले, की ‘वाढत्या आयातीने विकासदर खाल्ला’ हे वाक्य हमखास कानावर येतं. उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांच्या बेरजेतून आयात वजा होते, हे खरं. पण का?

समजा दादरला 200 रुपयांना किलोभर परदेशी सफरचंदं घेतली. ते 200 रुपये उपभोगात आधीच धरले गेले. न्हावाशेव्याला उतरताना त्याच मालाची किंमत 120 असेल, तर तेवढेच वजा होतात. उरलेले 80 इथले: सीमाशुल्क, शीतगृहाचं भाडं, वाशीच्या घाऊक बाजारातल्या माथाडीची मजुरी, टेम्पोवाला, फळवाल्याचा नफा. जे आपण पिकवलंच नव्हतं, ते बेरजेतून बाहेर काढलं, इतकंच.

मुंबईत या हिशेबाची मुळं फार जुनी आहेत. 1876 साली दादाभाई नवरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध मांडला. प्रांतवार पीक आणि त्याचा भाव धरत त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये काढलं. मग त्याच्या शेजारी सरकारचेच आयात-निर्यातीचे आकडे ठेवले. माल विकणाऱ्याला मालाची किंमत आणि वर नफा परत मिळायला हवा. इथे निर्यात वर्षानुवर्षं आयातीहून मोठी, तरी फरकाचा पैसा देशात येतच नव्हता. विलायतेतला कारभारखर्च, निवृत्तिवेतनं, व्याज यांत तो जिरत होता. आजच्या सूत्रात तोच फरक ‘निव्वळ निर्यात’ म्हणून अधिक चिन्हाने दिसला असता! नुसतं चिन्ह बघून देशाची तब्येत सांगणाऱ्यांनी दादाभाई जरूर वाचावेत.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली: अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, सदस्य अर्थतज्ज्ञ आपले धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. सल्लागारांत राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या शास्त्राचे जाणकार सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन होते. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची संयुक्त राष्ट्रांची हिशेबपद्धती आली ती 1953 साली.

मालाच्या व्यापाराचे आकडे आजही कोलकात्यात जुळवले जातात, तर परदेशाशी होणाऱ्या एकूण देवघेवीचा ताळेबंद फोर्टातली रिझर्व्ह बँक मांडते. दोन्हींत आयातीचा आकडा वेगळा दिसतो. कस्टमच्या नोंदीत आयातीच्या किमतीतच जहाजभाडं आणि विमा धरलेला असतो. ताळेबंदाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे हा खर्च वेगळा काढून सेवांमध्ये दाखवायचा असतो. जहाज भारतीय कंपनीचं असेल, तर ते भाडं आयात म्हणून वजा करून चालत नाही. ती इथलीच कमाई असते.