मनोविकाराच्या गोळ्या, पाळी आणि झाडपाला (ग्रामीण विदर्भ)

स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरच्या काही गोळ्यांनी बायकांची पाळी लांबते किंवा थांबते, लेकरू अंगावर पीत नसताना छातीतून दूध येते. त्यावर घरची म्हातारी, वैदू, मेळघाटात कोरकूंचा भूमका किंवा आठवडी बाजारातला जडीबुटीवाला जो काढा-चूर्ण सुचवतो, त्याविषयीची ही नोंद. विदर्भातल्या खेड्यांत ही तक्रार डॉक्टरपर्यंत उशिरा पोचते. पाळी चुकली की पहिला संशय दिवस राहिल्याचा. बाई विधवा किंवा कुमारी असली तर ती कोणाजवळ बोलतच नाही, गोळी मात्र गुपचूप सोडते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत डोपामिन हे रसायन प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या संप्रेरकाला, आवरून धरते. रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनला अडवतात, त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढते, आणि ते वाढले की दूध येते, पाळी अडते. गरोदर नसलेल्या बाईच्या रक्तात ते मिलिलिटरला साधारण 25 नॅनोग्रॅमच्या आत असते. रिस्पेरिडोनवर त्याच्या कित्येक पट जाऊ शकते. पाळी वर्षानुवर्षे बंद राहिली तर हाडे ठिसूळ होतात.

बायकांचे औषध म्हणून सर्वांत आधी शतावरीचे नाव निघते. पण तिची ख्याती बाळंतिणीचे दूध वाढवण्याची. नको असलेले दूध वाहत असताना तीच देणे उलटेच म्हणायचे. सर्पगंधेची गोष्ट आणखी वेगळी. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग नोंदवला. तिच्या मुळातले रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते, त्यामुळे प्रोलॅक्टिन तीही वाढवते. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो म्हणणाऱ्याला ही एक मुळी पुरे.

योग्य दिशेने काम करणारी वनस्पती म्हणजे खाजकुयली. झुडपांवर चढणारा वेल, शेंगेवर मखमलीसारखी तपकिरी लव. ती अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. बी दुधात उकळून, टरफल काढून, वाळवून कुटतात. बाजारात ते पुरुषांच्या ताकदीचे म्हणून विकले जाते, बाईला कोणी सुचवत नाही. त्यात एल-डोपा असते, शरीरात त्याचे डोपामिन होते. क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या जुन्या गोळीने वाढलेले प्रोलॅक्टिन या बियांनी उतरते, असे मुंबईच्या संशोधकांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केले. खोट एकच, पण मोठी: डोपामिन वाढले की कानात येणारे आवाज आणि संशय पुन्हा डोके वर काढू शकतात. गोळी जे अडवते, तेच बी आणून ओतते.

युरोपात प्रोलॅक्टिन उतरवायला वापरतात ती बी निर्गुंडीच्या भावकीतल्या झाडाची. बांधावरची निर्गुंडी ती नव्हे. तिचा पाला सांधेदुखीच्या शेकाला ठीक. पिओनीचे मूळ आणि ज्येष्ठमध यांचा चिनी काढा 2008 च्या एका चाचणीत रिस्पेरिडोन घेणाऱ्या 20 बायकांना दिला, तेव्हा प्रोलॅक्टिन उतरले आणि आजार बळावला नाही. चाचणी लहान होती. शिवाय ज्येष्ठमध फार दिवस घेतले तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटते.

डॉक्टरकडचा उपाय बहुधा साधा असतो: मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा जोडीला ॲरिपिप्राझोल ही प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी देणे. पाळी सुरू झाली की दिवसही राहू शकतात. त्यामुळे गोळी बदलतानाच पाळणा लांबवण्याचे बोलून घ्यावे लागते, आणि ते सासू खोलीबाहेर असताना बोललेले बरे.